स्लाइडवरचं नवं पाणी

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये कावेरीचं ओंजळभर नवं पाणी मी ओतलं होतं. भक्तिभावाने ओतलं होतं, आणि कुणी पाहत नाही याची खात्री करून ओतलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

यंदा धरणातून कावेरीचं पाणी वेळेवर सुटलं. तंजावुरातून जाणाऱ्या मोठ्या कालव्याला आमच्याकडे पुदु आरू म्हणतात, म्हणजे नवी नदी. उन्हाळाभर त्याच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, कुणी दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतं, एखादी तुटकी चप्पल महिनोन्‌महिने एकाच जागी पडून असते. मग एका सकाळी पुलावर माणसं गोळा होतात. पाणी दिसायच्या आधी त्याचा वास येतो, तापलेल्या चिखलाला ओल लागल्याचा. मागोमाग फेसाची मळकट कड सरपटत येते. तिच्या पुढ्यात काटक्या, पाचोळा, खेकड्यांची धांदल. बायका हळद-कुंकू सोडतात, म्हातारे हात जोडतात. मीही गर्दीत मागे उभा राहून हात जोडतो. आणि दर वर्षी, हात जोडलेले असतानाच, मला निळ्या पार्श्वभूमीवर दोन-तीन लाल काड्या दिसू लागतात.

त्या काड्यांबद्दल थोडं सांगायला हवं. क्षयाचा जंतू लाल दिसतो तो त्याच्या हट्टामुळे. बेडक्याचा पातळ थर काचेच्या स्लाइडवर पसरायचा, त्यावर लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत खालून तापवायचा, मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळे लाल रंग सोडून देतात. याच्या अंगावर मेणासारखं कवच असतं, त्यामुळे हा सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की उरलेलं जग निळं आणि तो तेवढा लाल. पण या हट्टी कुळात एकटा क्षयाचा जंतू नसतो. मातीत, नदीत, नळाच्या पाइपात निमूटपणे राहणारे, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारे त्याचे भाऊबंदही असतात. तेही लालच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली भाऊ भावासारखाच दिसतो.

हे मला एस्तर अक्कांनी शिकवलं. त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. केस घट्ट मागे ओढलेले, गळ्यात बारीक क्रूस, आणि चष्मा असा की सूक्ष्मदर्शकाशी नेहमी भांडण. मी तेवीस वर्षांचा, हंगामी नेमणुकीवरचा. ते दिवस उदारीकरणाचे. बसस्टँडसमोर एसटीडीचे पिवळे बूथ उगवत होते, आमच्या राजवाड्याच्या गल्ल्यांतून केबलच्या वायरी घरोघर लटकू लागल्या होत्या, शाळासोबती कॉम्प्युटरचे वर्ग लावून मद्रासला पळत होते. सरकारी भरती मात्र बंद. माझ्या नेमणुकीचा कागद दर तीन महिन्यांनी संपायचा आणि दर वेळी आईचा रक्तदाब वाढायचा.

मी देशस्थ घरातला. तेवीस वर्षांत अंडं हातात धरलं नव्हतं. आणि क्षयाचा जंतू वाढवायचं माध्यम करतात अंड्याचं! डझनावारी अंडी साबणाने घासायची, स्पिरिटमध्ये बुडवायची, फोडून फेटायची, मलमलीतून गाळायची, त्यात हिरवा रंग घालून छोट्या बाटल्यांत तिरपी थिजवायची. पहिल्या दिवशी मी अंडं दोन बोटांत धरून नुसता उभा.

"रायरे," एस्तर अक्का म्हणाल्या, "कोंबडीनं दिलंय, पोलिसांनी नाही. फोडा."

आम्हा तंजावुरी मराठी लोकांना तमिळ माणसं रायर म्हणतात. त्यात मानही असतो आणि थोडी चेष्टाही. अक्का खुशीत असल्या की मी रायर, काही गंभीर असलं की तम्बी, म्हणजे धाकटा भाऊ. घरी गेल्यावर आईने विचारलं, "हातांला कसला वास येतो रे?" मी म्हणालो, "औषधाचा." खोटंही नव्हतं.

खिडकीवर येणाऱ्या रुग्णांशी आमचं रोजचं भांडण एका शब्दावरून. तमिळमध्ये एच्चिल म्हणजे थुंकी, आणि एच्चिल म्हणजेच उष्टंसुद्धा. आम्हाला हवा असायचा बेडका. लोक लाजून तोंडातली थुंकी द्यायचे, ती आमच्या काही कामाची नाही. अक्का खिडकीतून ओरडायच्या, "एच्चिल नको, सळि! आतून! खोकून!" आमच्या गल्लीतलं मराठी माणूस आलं की मला बाहेर पाठवायच्या. आमच्या बोलीत त्या वस्तूला चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द नव्हता. मी म्हणायचो, "छातींतलें द्या." एका काकांनी सदऱ्याच्या वरच्या खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली. अक्का आठवडाभर हसत होत्या.

त्या वर्षी पाणी उशिरा, तमिळ आडी महिन्यातल्या अठराव्या दिवसाच्या, नदीच्या सणाच्या तोंडावर आलं. आमच्या घरची रीत अशी, की नव्या पाण्याचा तांब्या आणायचा आणि घरात जिथे जिथे पाणी साठवतात तिथे तिथे ओंजळभर घालायचं. हंड्यात, विहिरीत, तुळशीच्या तांब्यात, मांजराच्या वाडग्यातही. आई म्हणायची, "नवें पाणी जुन्या पाण्याला भेटवायचें. मग भरलेलें भरलेलेंच राहातें." त्या सकाळी तिने उरलेलं पाणी एका बाटलीत भरून माझ्या हाती दिलं. "जेथें तुझें अन्न आहे, तेथेंही घाल."

प्रयोगशाळेत सकाळी मी पहिला पोचलो. पाणी साठवायची एकच जागा होती, स्लाइडी धुवायच्या पाण्याचा तो मोठा कॅन, खाली रबराची नळी लावलेला. झाकण काढलं, ओंजळ सोडली, झाकण लावलं. नेमणूक टिकू दे, एवढंच मागितलं. जंतूंचं शास्त्र शिकलेला माणूस होतो मी, परीक्षेत त्यांची लांबलचक नावं लिहिलेली. त्या क्षणी त्यातलं एकही आठवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गिरिजा खिडकीवर आली.

गिरिजा आमच्या समोरच्या घरातली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पापनाशमला दिलेली, भाताची शेती असलेल्या मराठी घरात. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, आणि तीन आठवडे न हटणारा खोकला.

"रघू, तूं येथें? बरें झालें. त्या बाई ओरडतात, मला मेल्याहून मेल्यासारखें होतें."

मी तिला समजावलं. ती मुलीला माझ्या हातात देऊन लिंबाच्या झाडामागे गेली, आणि पदराखाली डबी झाकून परत आली.

"पाहूं नकोस हं."

"पाहायचेंच तर काम माझें."

ती हसली, हसताना पुन्हा खोकली.

एका स्लाइडवर शंभर जागा पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही, हा अक्कांचा नियम. साठ-सत्तराव्या जागी मला एक लाल काडी दिसली. पुढे आणखी एक. मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. स्वतःच्या डोळ्यांनी शोधलेला माझा पहिला जंतू होता तो. मी धावत अक्कांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं आणि नोंद केली, 'अत्यल्प.' क्ष-किरणात छातीवर एक पुसट सावली होतीच. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली.

आईपासून मूल तोडा असं डॉक्टरांनी कुठे सांगितलं नव्हतं. पण पापनाशमच्या सासूबाईंना टीबी ही दोन अक्षरं पुरली. चार दिवसांत मुलगी आमच्या समोरच्या घरात, आजीकडे येऊन पोचली. दूध बाटलीचं. मी सकाळी चपला घालत असताना ती रडत असे. आधी पाळण्याची कडी कुरकुरायची, मग चमच्याचा किणकिणाट, मग बाटली ढकलून दिल्याचं ते वेगळं रडणं. मांजरही मान वर करून ऐकायचं.

गिरिजा दर गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने तपासणीला यायची. माहेरच्या गल्लीकडे वळायची नाही. लिंबाखाली बसून मला बोलावणं पाठवायची.

"कसें आहे माझें लेंकरूं?"

"पालथी पडली काल."

"खरें? कोणत्या अंगावर?"

मला ठाऊक नव्हतं. "डाव्या," मी म्हणालो. तिने डोळे मिटून घेतले, बहुधा ते डावं अंग पाहायला. संध्याकाळी मी मुद्दाम समोरच्या घरी जाऊन पाहिलं. उजव्या अंगावर पडत होती. पुढच्या गुरुवारी ते दुरुस्त करायचं मी ठरवलं होतं. केलं नाही.

महिना होत आला तशा एस्तर अक्का नोंदवहीपाशी घुटमळू लागल्या. वहीची पानं मागे-पुढे करायच्या. "या महिन्यात 'अत्यल्प' फार झाले," एवढंच म्हणाल्या. एका दुपारी त्यांनी स्वतः एक स्लाइड रंगवली आणि माझ्यापुढे सरकवली.

"बघा रायरे."

मी पाहिली. तिसेक जागांनंतर दोन लाल काड्या, निळ्यावर स्पष्ट.

"अत्यल्प, अक्का."

"पेशंटचं नाव नाही विचारलंत?"

"कोण?"

"कोणी नाही. डब्यातली कोरी स्लाइड. मी तिच्यावर काहीच लावलं नव्हतं."

अक्का उठल्या, कॅनची रबरी नळी काढून तिच्या आत बोट फिरवलं. बोटाला बुळबुळीत काहीतरी आलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं.

"तम्बी, यात कुणी काही घातलं होतं? नळाचं पाणी, दुसरं काही?"

"मला ठाऊक नाही, अक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं," आणि नळी कचऱ्यात टाकली.

माझी नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो, हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण जास्त हलकं आहे. अंडी फोडणारा, शास्त्र शिकलेला रायर शेवटी ओंजळीने पाणी वाहणाराच निघाला, यावर त्या हसतील याची मला भीती होती. त्या हसल्या नसत्या, हे आता कळतं.

अक्का त्याच दिवशी महिन्याभरातले सगळे 'अत्यल्प' घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. त्यांचंही चूक नव्हतं. गिरिजाच्या क्ष-किरणात सावली आहे, नुसत्या शंकेवर औषध थांबवता येत नाही. नवा नमुना घेऊन उपयोग नाही, कारण गोळ्या पोटात गेल्यावर तो कोराच येणार. तिच्या पहिल्या नमुन्यातून जंतू वाढवायला लावलेल्या कल्चरच्या बाटल्या काय सांगतात ते पाहू. बाटल्यांत जंतू वाढायला आठ आठवडे द्यावे लागतात. चार उरले होते.

त्या चार आठवड्यांतली एक गोष्ट सांगायला सर्वांत जड जाते. बाटल्या तपासायच्या सकाळी त्या उबेत ठेवायच्या पेटीचं दार उघडण्याआधी मी मनात प्रार्थना करायचो. गिरिजाच्या बाटलीत काहीतरी उगवू दे. तिला क्षय असू दे. म्हणजे माझी चूक चूक राहणार नाही. समोरच्या घरातलं रडणं कानात घेऊन येऊन मी हे मागत होतो.

त्याच काळातल्या एका गुरुवारी तिने पिशवीतून एक घडी काढली. जुनी सुती साडी.

"उकळलें की ते किडे मरतात नां?"

"मरतात."

"दोनदां उकळली. दोन दिवस उन्हांत टाकली. तिच्या अंगाखालीं घालायला सांग आईला. मऊ आहे." घडी पुन्हा नीट करत म्हणाली, "माझा वास राहिला असेल का रे? इतकी उकळून?"

"राहतो," मी म्हणालो. शास्त्रात यावर काही नाही. साडी नेऊन दिली. त्या दिवसापासून सकाळचं रडणं कमी झालं, असं मला वाटलं. वाटून घेतलं असेल.

आठ आठवडे संपले. तिच्या बाटल्या फिक्या हिरव्या, गुळगुळीत, रिकाम्या. छातीवरची सावली दुसऱ्या साध्या संसर्गाची होती, असं डॉक्टर म्हणाले. कल्चरचं पाणी आम्ही वेगळं, दाबाच्या वाफेत निर्जंतुक करत असू, म्हणून तिथे काही पोचलं नव्हतं. अक्कांनी कॅनमधल्या पाण्याचीही एक बाटली लावली होती, काळ्या कागदात गुंडाळून. कागद उघडला तर आत पिवळ्याधमक, शेंदरीकडे झुकणाऱ्या बारीक बारीक टिकल्या.

"क्षयाचा जंतू कसा असतो? पावाच्या चुऱ्यासारखा, रंगाला गरीब," अक्का म्हणाल्या. "हा बघा, काळोखातसुद्धा नटून बसलाय. हा पाण्यातला. निष्पाप आहे बिचारा."

तो निष्पाप होता हे खरं. आमच्या पाइपांतही तो असू शकत होता, माझ्या ओंजळीशिवायही नळीत घर करू शकत होता. कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. या 'कदाचित'खाली मी बरीच वर्षं अंग चोरून बसलो.

अक्कांनी अहवाल लिहिला, 'कॅन वेळेवर रिकामा करून धुतला गेला नाही, देखरेख माझी होती.' त्यांना मेमो मिळाला. मुख्य तंत्रज्ञाची जागा त्यांच्याऐवजी दुसऱ्यांना गेली. वर्षअखेर माझी नेमणूक कायम झाली. शिफारशीत अक्कांनी लिहिलं होतं, 'काळजीपूर्वक काम करतो.' मी ते वाचलं, आणि त्यांच्या टेबलावर मिठाईचा पुडा ठेवला.

पण कृतज्ञ राहावं असं जे मला मिळालं, ते त्या बाईंकडूनच. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत रोजची पहिली स्लाइड कोरी रंगवली जाते. आधी आपलं पाणी, आपले रंग, आपले हात निर्दोष आहेत का ते पाहायचं, मग दुसऱ्याचा आजार शोधायचा. माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत, ती सगळी सकाळी आधी कोरी स्लाइड पाहतात. कित्येक घरं त्यामुळे उगाच मोडायची वाचली असतील. हे सगळं अक्कांचं. पुढेही कधी त्यांनी मला टोमणा मारला नाही. निवृत्तीच्या दिवशी भिंगाला लावायच्या सीडरवूड तेलाची स्वतःची छोटी बाटली माझ्या खिशात घातली. "रायरे, भिंग पुसून ठेवत जा." तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या शवपेटीवर मूठभर माती टाकताना मी आभार मानले. दुसरं काही तेव्हाही बोललो नाही.

आणि गिरिजा? डॉक्टरांनी तिला एवढंच सांगितलं, "गोळ्या बंद. बरी झालीस." कशाला घोळ सांगत बसायचं, असा त्यांचा विचार असेल. ती मुलीला कडेवर घेऊन खिडकीवर आली. हातात गोड पोंगलचा डबा.

"तूं पाहिलेंस म्हणून मी वांचलें, रघू. हें मी विसरणार नाही."

ती विसरली नाही. दर वर्षी पीक निघालं की पापनाशमहून नव्या तांदळाची पिशवी येते. माझ्या मुलांना तो तांदूळ आवडतो. मलाही आवडतो. कुंभकोणमला जाताना गाडी पापनाशमला थांबते, त्या फलाटावर मी आजवर उतरलो नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. मधूचा. गिरिजाची मुलगी, तीच ती उजव्या अंगावर पालथी पडणारी. आता बंगलोरला नोकरी करते, बाळंतपणाला पापनाशमला आली आहे. तिची मराठी आमच्या पुढच्या पिढीची, कळते सगळी, बोलताना अडते.

"मामा, आई बाळाला घेत नाही."

"म्हणजे?"

"घेते, पण तोंडाला टॉवेल. तोंड तिकडे करून. मामा, मला पण ती अशीच... तिच्या हातानं कालवलेला भात मी कधी खाल्लाच नाही. चमचा. तिचा पाणी प्यायचा टंबळर अजून वेगळा, कोनाड्यात. मी सांगते, अम्मा, तीस वर्षं झाली. ती सांगते, तें आंत राहातें, तुला काय कळतें. तुमचंच ऐकेल. तुम्ही तिचे देव. एकदा येऊन सांगा ना, बरी झालीस म्हणून."

"येतो."

"रविवारी?"

"रविवारी."

तो रविवार गेला. मी गेलो नाही. बसून हे लिहिलं. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारे मोजके, मी शिकलो तो हिंदीच्या परीक्षांमुळे. गिरिजाला ही लिपी येत नाही. माझ्या लक्षात आलं, की कबुलीजबाबासाठीही मी तिला वाचता येणार नाही अशीच लिपी निवडली. एवढं लिहिल्यावर हेही लपवण्यात अर्थ नाही.

खरं तर आयुष्याने माझं फार चांगलं केलं. पोटाला अन्न दिलं, शिकवायला अक्का दिल्या, दर वर्षी नदी परत आणली. ज्यांचं मी वाईट केलं त्यांनीच मला जपलं. आभार मानायचे म्हटले तर दिवस पुरणार नाहीत. पण आभार आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या आड मी दुसरी ठेवत आलो.

अक्कांचं राहून गेलं ते राहिलंच. गिरिजा आहे. तिचं मी सांगण्याचं देणं लागतो, समोर बसून, आमच्या बोलीत: तुला क्षय कधीच झाला नव्हता, चूक माझी होती, आणि मला हें तेव्हांपासून ठाऊक होतें.